ऊन पाणी आणि अंगावरचा डाग

दिवाळीचे पाहुणे परतले, फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्या मुरुममध्ये बायकांच्या सहलींचं वारं सुटतं. कुणाची भिशी लागलेली असते, कुणी बचत गटातून हजार-पाचशे उचलते. दहा-बाराजणींनी मिळून जीप ठरवायची आणि निघायचं. ठिकाणंही ठरलेली. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. पहाटे निघून रात्री भाकरी थापायला घरी हजर! अलीकडे मात्र या यादीत लांबची नावं येऊ लागली आहेत. उनकेश्वर, वज्रेश्वरी, राजापूर. एक रात्र बाहेर मुक्काम करायची परवानगी घरातून मिळवणं हीच मुळात केवढी मोठी मजल! तर ही सगळी गरम पाण्याच्या कुंडांची ठिकाणं. यातल्या काही ठिकाणी गटातल्या बायकांबरोबर मी जाऊन आले आहे. तिथं जे पाहिलं, ऐकलं त्यातलं थोडं कौतुकाचं आहे आणि बरंचसं काळजीचं आहे. दोन्ही आज तुमच्यापुढे मांडते.

आधी कौतुकाचं सांगते. आपल्याकडच्या बाईला गरम पाण्याचं अप्रूप का वाटतं, हे पुरुषांना समजायचं नाही. तुराट्या, पऱ्हाट्या गोळा करून चुलीवर पाणी तापवायचं कुणी? तिनं. धूर डोळ्यांत घ्यायचा कुणी? तिनं. मग सासरे, नवरा, पोरं, सासूबाई असे सगळे न्हाऊन निघाले की तळाशी उरलेलं कोमट तांब्या-दोन तांब्याचं पाणी तिच्या वाट्याला. त्यात आपला मुलूख पाण्याला तहानलेला. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते कोण विसरेल? त्या दिवसांत बाया एका बादलीत दोघी-दोघी पोरींना न्हाऊ घालत होत्या. अशा बाईपुढं एकदम गळ्याएवढं ऊन पाणी येतं. जाळ घालायला नको, नंबर लावायला नको, कुणी बाहेरून कडी वाजवणार नाही. कुंडात उतरल्यावर आमच्यातल्या साठीच्या मावशी लहान पोरीसारख्या हसत होत्या. या आनंदाला मी कधीच नावं ठेवणार नाही. उलट म्हणेन, एकदा तरी जाच.

आपल्या मराठवाड्यातलं म्हणाल तर उनकेश्वर. नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. माहूरच्या रेणुकामातेचं दर्शन आणि उनकेश्वरचं स्नान असं जोडून लोक जातात. खानदेशात चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. कोकणात तर रांगच लागली आहे. पालघरच्या सातिवलीपासून राजापूरपर्यंत तीनशे किलोमीटरहून लांब पट्ट्यात अठराएक ठिकाणी मिळून साठच्या आसपास झरे आहेत. तानसा नदीकाठचं वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, संगमेश्वरकडचं तुरळ, राजापूरजवळचं उन्हाळे आणि खेड-दापोलीकडचं उन्हवरे. नावं नीट ऐका. ऊन ऊन भात म्हणतो ना, तेच ते ऊन! उनकेश्वर, उनपदेव, उन्हाळे, उन्हवरे. आपल्या पूर्वजांनी नावातच सांगून ठेवलं आहे की बाई, हे पाणी गरम आहे, सांभाळून.

आमच्या जीपमधल्या एक आक्का पाण्यात पाय टाकायलाच तयार नव्हत्या. "ताई, खाली जाळ असंल तर? पुन्हा किल्लारीवानी झालं म्हंजे?" त्यांचं माहेर लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून झोपलेल्या गावांवर घरं कोसळली आणि हजारो माणसं गेली. उमरगा, लोहारा, औसा या भागातल्या बाईला जमिनीच्या पोटातलं काहीही म्हटलं की धडकी भरणारच. त्यांची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, म्हणून मला जे वाचून ठाऊक होतं ते त्यांना सांगितलं.

गोष्ट अशी आहे. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपत खोल जातं. जमिनीत जसजसं खाली जावं तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. दीड-दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी तापतं, तापलं की हलकं होतं आणि दुसरी भेग सापडली की वर येतं. येताना खडकातले क्षार, कुठे थोडं गंधक, बरोबर घेऊन येतं. म्हणून काही कुंडांना तो वास येतो. आपल्याकडे खाली जिवंत ज्वालामुखी नाही. दख्खनचा काळा पत्थर लाव्हारसाचाच आहे खरा, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालेला. आणि कुठं गरम पाणी दिसलं म्हणजे तिथं भूकंप होणार असंही नसतं. आक्कांना किती पटलं कोण जाणे, पण शेवटी त्या उतरल्या. मग बाहेर यायलाच तयार नव्हत्या!

खरोखर खाली जाळ असलेली जागा पाहायची तर अमेरिकेतलं यलोस्टोन. १८७२ साली जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून ते राखलं गेलं. गटातल्या एका बाईंची लेक तिकडे असते, तिनं पाठवलेले व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. तिथं जमिनीखाली वितळलेला खडक आहे. गरम झरे, वाफेची भोकं, रटरटणारा चिखल आणि उसळणारी कारंजी मिळून दहा हजारांहून जास्त जागा. निळी, हिरवी, केशरी रंगांची कुंडं बघून वाटतं, पैठणीच पसरून ठेवलीय. पण त्या कुंडांत कुणालाही उतरू देत नाहीत. लोकांनी चालायचं ते लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच. कारण वरची जमीन पापडासारखी पातळ आणि खाली उकळतं पाणी. वाट सोडून गेलेली, पाय घसरून पडलेली वीसहून जास्त माणसं तिथं आजवर भाजून मेली आहेत. म्हणजे निसर्गाचं कौतुक करायचं, पण त्याचा स्वभाव ओळखून. हे आपल्याकडे कमी पडतं, असं माझं मत आहे.

आता काळजीचं. कुंडावर तासभर बसून बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. येणाऱ्यांतले सगळे काही मौजेला आलेले नसतात. कितीतरी जण अंगावरचे डाग घेऊन आलेले असतात. पांढरे डाग, चट्टे, खरूज, नायटा. "इथं सात वेळा न्हालं की डाग जातात," "अकरा रविवार करा," असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आणि या आलेल्यांत तरुण मुली जास्त दिसतात. मुलगी मान खाली घालून, ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून, आणि शेजारी तिची आई.

अशीच एक आई माझ्याशी बोलली. गाव सांगत नाही. मुलगी बारावी झालेली, शिवणकाम येणारी, गोड आवाजाची. हनुवटीखाली आणि हातावर कोडाचे डाग. "चार जागा आल्या ताई. चौघंबी चहा पिऊन गेले, परत निरोप न्हाई. लहानीचं वय झालंय, हिच्यामुळं तिचंबी अडलंय." चार वर्षांत तीन कुंडं, दोन बाबा आणि एक 'खात्रीचा इलाज' वाला. दोन शेळ्या विकल्या. डॉक्टरकडे गेलात का, असं विचारलं, तर म्हणाली, "गावात कळंल ना!" मैत्रिणींनो, कुंडावर शेकडो लोकांसमोर मुलीला उभं केलं तर चालतं, पण दवाखान्याच्या रांगेत कुणी बघेल याची भीती. ही आपल्या समाजाची रीत बघून मला रडावं की रागवावं कळेना.

म्हणून स्पष्ट लिहिते. कोड म्हणजे काय? आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. शरीराची स्वतःचीच संरक्षण करणारी यंत्रणा काही वेळा चुकून त्या पेशींवर उलटते आणि तिथला रंग जातो. एवढंच. हे काही पाप नाही, शाप नाही, मागच्या जन्मीचं फळ नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानं होत नाही. हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं ते दुसऱ्याला होत नाही. थोडाफार आनुवंशिकतेचा भाग असतो, पण कोड असलेल्या आईची बहुतेक मुलं स्वच्छ असतात. जगात साधारण शंभरातल्या एखाद्याला ते असतं, म्हणजे आपल्या मुरुमसारख्या गावात कितीतरी घरांत. गेलेल्या पेशी गरम पाण्यानं परत येत नाहीत, मग ते कितीही पवित्र असो. उपचार आहेत. मलमं आहेत, विशिष्ट प्रकाशाचा उपचार आहे, काहींना शस्त्रक्रियाही उपयोगी पडते. सगळ्यांना सारखा गुण येत नाही हेही खरं. पण डाग नवे असताना, लवकर गेलं तर फायदा जास्त, आणि वर्षं आपण कुंडं फिरण्यात घालवतो! सोलापूर, लातूर आणि आता धाराशिवलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या त्वचारोग विभागात दाखवायला शेळ्या विकाव्या लागत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. प्रत्येक पांढुरका डाग कोडाचा नसतो. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी टोचलेलं, गरम-गार काही कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. घाबरण्याचं कारण नाही. यावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध मिळतं. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या आणि रोग पूर्ण बरा. गोळ्या सुरू झाल्या की तो दुसऱ्याला लागण्याची भीतीही राहत नाही. पण उशीर केला तर हातापायाची बोटं वाकडी होतात, आणि ती मग कुठल्याही गोळीनं सरळ होत नाहीत. आता विचार करा, ज्या पायाला गरम कळत नाही तो पाय कुंडात बुडवला तर काय होईल? उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी झऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं. साठ अंशांच्या पाण्यातही काही सेकंदांत कातडी भाजते. चांगला माणूस चटकन पाय काढून घेईल. ज्याला कळतच नाही तो बसून राहील.

हे फक्त कुष्ठरोग्याचं नाही बरं का. साखरेच्या आजारात, म्हणजे मधुमेहातही पाय बधिर होतात. आणि आपल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत मधुमेह किती वाढलाय ते तुम्हीच बघताय. एका कुंडावर आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या दोन्ही पायांना फोड आले, ते त्यांना रात्री चप्पल काढल्यावर दिसले. जखम भरायला तीन महिने लागले. म्हणून मधुमेहाच्या बाईनं आधी दुसरीला पाण्यात हात घालून बघायला सांगावं, स्वतःच्या पायावर विसंबू नये.

"पण ताई, श्रद्धा असते लोकांची. तुम्ही कशाला मोडता?" असं मला विचारणाऱ्या आहेत. श्रद्धा मी मोडत नाही. उनकेश्वरची आणि उनपदेवची, दोन्हीकडे सांगतात ती कथाच घ्या ना. शरभंग ऋषींना अंगाला व्याधी झालेली. वनवासातले राम त्यांच्या आश्रमात आले, बाण मारला आणि जमिनीतून ऊन पाण्याचा झरा काढला. या कथेतलं आपण फक्त पाणी उचललं. पण त्याआधी काय घडलं? ज्याच्या अंगाला व्याधी होती त्याच्या दारी राम स्वतः चालत गेले. त्याला गावाबाहेर बसवलं नाही, तोंड फिरवलं नाही. कथेवर श्रद्धा असेल तर हेही उचलायला नको का? डाग असलेल्या मुलीच्या घरी चहा पिऊन निरोप न पाठवणारी माणसंही त्याच रामाचं नाव घेतात!

आणि गरम पाण्याला काहीच गुण नाही असंही मी म्हणत नाही. दिवसभर वाकून खुरपणी केलेल्या कंबरेला, आखडलेल्या गुडघ्याला शेक मिळतो, बरं वाटतं, झोप लागते. गंधकाचं मलम खरजेवर जुन्या काळापासून वापरतात, त्यामुळे लोकांच्या बोलण्याला कुठंतरी आधारही असेल. पण बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. नायटा-गजकर्णाला तर ओल आणि ऊब मानवते. ओल्या कपड्यांतून, एकमेकींच्या टॉवेलमधून ते पसरतं. म्हणजे एकीचा नायटा घालवायला गेलेल्या चौघी घेऊन येतात.

झऱ्यानं माणसाला औषधासाठी काहीच दिलं नाही का? दिलं, पण वेगळ्या वाटेनं. यलोस्टोनच्या त्या झऱ्यांत, जिथं काही जगू नये असं वाटतं, तिथं १९६६ साली शास्त्रज्ञांना एक सूक्ष्म जीव सापडला. त्याच्यातला एक पदार्थ इतका चिवट की तापवला तरी बिघडत नाही. पुढे तोच पीसीआर नावाच्या तपासणीत वापरला जाऊ लागला. करोनाच्या काळात आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून जी तपासणी केली ना, आरटीपीसीआर, ती तीच! म्हणजे कुठल्याशा गरम कुंडातला जीव आपल्या मुरुमपर्यंत कामाला आला. पण तो कुणी सात रविवार न्हाल्यानं आला नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं बसून अभ्यास केला म्हणून आला.

माझा मुद्दा शेवटी पाण्याचा नाहीच, आपल्या नजरेचा आहे. मुलाला डाग असला तर 'नोकरी आहे ना, चालतंय'. मुलीला असला तर कुंडं, उपास, नवस, आणि तिच्या बहिणीच्या लग्नाची काळजीही तिच्याच डोक्यावर. लग्नानंतर डाग उठला तर माहेरी आणून सोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात होतं. ते २०१९ साली कायदा बदलून काढून टाकलं. सरकारला कळलं की बऱ्या होणाऱ्या आजारापायी कुणाचा संसार मोडू नये. आपल्याला कधी कळणार? आणि इथं बायकांनीच बायकांना बोललं पाहिजे. मुलगी बघायला गेल्यावर "हातावर काय आहे ते?" असं आधी विचारते ती मुलाची आईच असते. उद्या आपणही कुणाच्या तरी सासवा होणार आहोत. त्या दिवशी आपण काय विचारणार, हे आजच ठरवून ठेवलेलं बरं.

आता एक मागणी. गरम पाण्याच्या किती तरी ठिकाणी बायकांसाठी धड आडोसा नाही. ओल्या साडीवर दुसरी साडी गुंडाळून, चौघींनी मिळून पदर धरायचा आणि आत एकीनं कपडे बदलायचे. वर कठड्यावर मोबाइल घेऊन उभी असलेली पोरं! तुळजापूरला कल्लोळ तीर्थावर, गोमुख तीर्थावर किती पिढ्या आपल्या बाया आंघोळी करत आल्या. बाईनं तीर्थात न्हाऊ नये असं कुणी म्हणत नाही, पण तिला कपडे बदलायला चार भिंती आणि एक कडी लागते हे कुणाच्या आराखड्यात येत नाही. पर्यटनाचा पैसा आला की कमान होते, फरशी बसते, फलक लागतो. बायकांचं वेगळं कुंड, त्याला भिंत, स्वच्छतागृह आणि पाणी किती गरम आहे ते सांगणारी पाटी, एवढं झालं तरी पुष्कळ. सहलीहून परतताना तिथल्या ग्रामपंचायतीला, देवस्थानाला गटाच्या लेटरपॅडवर एक पत्र देऊन या. दहा गटांची दहा पत्रं गेली तर कुणीतरी वाचेलच.

आणि निघण्याआधी एवढं लक्षात असू द्या. पाय टाकण्याआधी हाताच्या कोपरानं पाणी बघा, बाळाला न्हाऊ घालताना बघतो तसं. दहा-पंधरा मिनिटांच्या वर बसू नका. पोटभर जेवून लगेच उतरू नका. गरोदर बाईनं, आणि हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेलीनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये. अंगावर उघडी जखम असेल तर काठावर बसा. पाण्यात डोकं बुडवून नाकात पाणी घेऊ नका. कोमट गोड्या पाण्यात एक अमीबा असू शकतो. तो क्वचितच कुणाला बाधतो, पण नाकावाटे मेंदूत गेला तर जीव घेतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये असे रुग्ण सापडले आहेत. लहान पोरांचा हात सोडू नका. साबण, शाम्पूच्या पुड्या कुंडात टाकू नका. आपला टॉवेल आपणच वापरा.

तेव्हा मैत्रिणींनो, जीप जरूर ठरवा. घरच्यांना सांगा, एक रात्र भाकरी तुम्ही थापा. ऊन पाण्यात मनसोक्त बसा, गाणी म्हणा, कंबर शेकून घ्या. पण शेजारच्या कुणा पोरीला डाग घालवायला नेत असतील तर तिच्या आईला आधी दवाखान्याची वाट दाखवा. एकटीला लाज वाटत असेल तर सोबत जा. दवाखान्यात तिच्याशेजारी रांगेत उभं राहायला आपल्याला काही पैसे पडत नाहीत. आणि सहलीला त्या पोरीलाही न्या. डाग घालवायला नको, नुसती मजा करायला न्या. तिलाही ऊन पाणी आवडत असेलच की!